अभद्र बोलायचं ते बाहेर

गुरुवार, १२ जून. दवाखाना बंद करून मी फळ्यांवरच्या जड वस्तू खाली उतरवत होते. विम्याचं नूतनीकरण जूनअखेर असतं, त्याच्या आधी हे काम आमच्याकडे दरवर्षी होतं. वर्षभरात कुणीतरी घाईत सलाइनचा खोका वर ठेवून देतं, औषधाचे डबे हळूहळू वरच्या फळीवर चढतात, आणि वेलिंग्टनमध्ये जमीन कधी हलेल याचा नेम नसतो. "जड ते खाली, हलकं ते वर, आणि काच कुठेच नाही," हा नियम समजाकाकांनी घालून दिलेला. या वर्षी ते काम मी डाव्या हाताने करत होते. मार्चपासून माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मधूनमधून बधिर होतात. मी जनावरांची डॉक्टर आहे, दवाखान्यातल्या निम्म्या शस्त्रक्रिया मी करते, आणि ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. आधीच्या शनिवारपर्यंत ती कुणालाच माहीत नव्हती. त्या शनिवारी समजाकाका निरोप घ्यायला आले.

काकांना आडनाव होतं, पण इथल्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या मराठी घरांत ते फारसं कुणी वापरत नसे. त्यांचं दर दुसरं वाक्य 'समजा'ने सुरू होई, म्हणून ते समजाकाका. धंदा विमा सल्लागाराचा, आणि त्यातही खास जनावरांच्या दवाखान्यांचा. आग, पूर, भूकंप, चोरी, कुत्रं चावणं, घोडा मरणं, डॉक्टरच आजारी पडणं, हे सगळं ते चहात साखर किती हवी हे विचारावं तितक्या सहज विचारत. "समजा, शुक्रवारी रात्री लसींचा फ्रिज बंद पडला. सोमवारी तुम्हाला कळणार कसं?" आपण म्हणावं, "काका, नवीन आहे फ्रिज." त्यावर ते शांतपणे, "मी नवा का जुना विचारलं नाही. कळणार कसं?"

कुठल्याही इमारतीत शिरले की काका आधी छताकडे बघत. नमस्कार नंतर. फिओना आणि मी भागीदारीत हा दवाखाना नुकताच विकत घेतला होता, तेव्हा ते पहिल्यांदा आले. फिओना दक्षिणेकडच्या मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेली, उंच, मोजकं बोलणारी. काका टोपी हातात धरून छताखाली उभे, मान मागे टाकलेली. ती माझ्या कानात म्हणाली, "या माणसाने अजून हॅलोही म्हटलेलं नाही." छतावर बशीएवढा, चहाच्या रंगाचा एक डाग होता.

"वर कोण आहे?" काकांनी विचारलं.

"हेअर सलून."

"म्हणजे दिवसभर केस धुतात. समजा, पाइप फुटला. खाली काय आहे?"

खाली आमचं एक्स-रे मशीन होतं. कर्ज काढून घेतलेलं. कुरकुर करत आम्ही ते दुसऱ्या खोलीत हलवलं, इलेक्ट्रिशियनचा खर्च झाला, आणि त्या जागी वजनकाटा ठेवला. पुढच्या हिवाळ्यात पाइप फुटला आणि सगळं पाणी वजनकाट्यावर उभ्या असलेल्या एका लॅब्रॉडॉरच्या अंगावर आलं. लॅब्रॉडॉरला फार आनंद झाला. मी काकांना फोन केला. 'मी म्हटलं नव्हतं?' हे शब्द ऐकायची माझी तयारी होती. ते म्हणाले, "कुत्रं पुसलंत का? आणि लादी ओली असेल, आधी तिथे पाटी लावा, माणसं घसरतील." नंतर एकदा म्हणाले, "संकट न सांगता येत नाही, डॉक्टर. आधी डाग पाठवतं. आपण त्यावर रंग मारतो."

त्यांची ही नजर सुट्टी घेत नसे. गणपतीच्या कार्यक्रमाला कम्युनिटी हॉलमध्ये आरती चालू असताना ते दारं किती आहेत आणि त्यातलं कुठलं खुर्च्या लावून अडवलंय ते बघत. पाडव्याला आमच्या घराबाहेरच्या लाकडी डेकवरची गुढी त्यांनी केबल टायने आवळून दिली, कारण इथला वारा नववर्ष पाळत नाही. गाडीत भूकंपासाठी एक पिशवी कायम: टॉर्च, पाणी, औषधं आणि चिवडा. काकू तो चिवडा ठरावीक दिवसांनी बदलत आणि जुना आम्हाला मिळे. माझा नवरा संदीप म्हणायचा, "काका, चिवडा खवट व्हायच्या आत भूकंप झाला पाहिजे, नाहीतर नुकसान आमचं." काका हसत, पण पिशवी काढत नसत. त्यांच्याबरोबर सहलीला जाणं हे काम होतं, हेही सांगायला हवं. समुद्रावर सगळे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात उतरले की हे काठावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून उभे, आणि लाटा मोजताहेत.

पण ज्या रिवाजासाठी लोकांना ते आठवतील तो आमच्या घरी सुरू झाला. सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. काका जेवायला होते. आमटी-भात, बटाट्याची भाजी, सगळं छान चाललं होतं. आणि काका संदीपकडे वळून म्हणाले, "समजा, उद्या घोड्याने लाथ मारली आणि हिचा हात—"

सासूबाईंनी डाव आपटला. "अहो, भरल्या ताटावर काय हे बोलणं! शुभ बोला. वास्तू तथास्तु म्हणत असते."

मला वाटलं, आता काका हसतील किंवा दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगतील. माझ्या पिढीतल्या कुणीही तेच केलं असतं. काकांनी मान हलवली. "चुकलंच माझं, वहिनी." ताटावरून उठले, हात धुतले, दारातल्या जँडल्स पायात सरकवल्या आणि आम्हा दोघांना म्हणाले, "या बाहेर." ड्राइव्हवेवर असा वारा होता की उभं राहवत नव्हतं. तिथे, लेटरबॉक्सला धरून, त्यांनी वाक्य पुरं केलं: हात मोडला तर मला किती महिने घरी बसावं लागेल, तोवर बदली डॉक्टर कोण आणणार, तिचा पगार कुठून येणार, घराचा हप्ता कोण भरणार. "वास्तूचा अंमल उंबऱ्यापर्यंत," ते म्हणाले. "अभद्र बोलायचं ते बाहेर. पण बोलायचं." मग आत येऊन त्यांनी पुन्हा भात वाढून घेतला. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माणूस चक्रम आहे, पण रीत पाळतो."

तेव्हापासून तो नियम झाला. ज्या मराठी घरांत मृत्युपत्र हा शब्द काढला की विषय बदलायचा, तिथली माणसं काकांबरोबर कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी राहून तास तास बोलू लागली. आमच्या दवाखान्यातही तसंच. कार पार्कच्या कोपऱ्यात, फिओनाच्या यूटपाशी, म्हणजे मागे उघड्या हौद्याच्या गाडीपाशी, काका माकडटोपी घालून उभे राहत. फिओनाला तथास्तु म्हणणाऱ्या वास्तूबद्दल मी एकदा समजावून सांगितलं होतं. तिने जराही न हसता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फेअर इनफ." पुढे काकांची गाडी दिसली की तीच जॅकेट घेऊन विचारायची, "समजा टाइम?"

त्या कार पार्कमध्ये फिओनाने आणि मी एकमेकींना पुष्कळ वेळा मारलं. घोड्याची लाथ, हायवे, कॅन्सर. आतमध्ये, चहा घेताना, आम्ही हे कधीच बोललो नसतो. एकीला काम करता आलं नाही तर दुसरीने दवाखाना कसा चालवायचा, एक गेलीच तर तिचा हिस्सा कसा घ्यायचा, हे सगळं वाऱ्यात ओरडून ठरलं. शेवटी काकांनी एक गोष्ट आमच्याकडून वदवून घेतली, जी कुठल्याच पॉलिसीत नव्हती: शरीरात काही बिघडलं तर जिचं बिघडेल तिने दुसरीला सगळ्यात आधी सांगायचं. "विमा पैसे देईल," काका म्हणाले. "वेळ तुम्हीच एकमेकींना द्यायचा आहे."

आमच्यावर खरोखर वेळ आली तेव्हाचे काका मला विसरता येत नाहीत. एक म्हातारा स्पॅनिएल कुत्रा दातांच्या साध्या कामासाठी आला आणि भुलीतून उठलाच नाही. मालक निवृत्त बसड्रायव्हर, घरी एकटा. तो अर्ध्या तासात येणार होता. फिओना रडवेली होऊन म्हणत होती, आपली चूक झाली असं सांगून टाकू. मी म्हणत होते, काहीच बोलायला नको, विम्याचं काय होईल. काकांना फोन लावला.

"चूक झाली का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही अजून."

"मग माहीत नसलेलं सांगू नका. आणि माहीत आहे ते लपवू नका. कुत्रं गेलं, तुम्हाला वाईट वाटतंय, काय घडलं ते तुम्ही शोधणार आहात. एवढं सांगा. दुःख सांगा, निकाल सांगू नका. त्यांना बसवा, पाणी द्या, कुत्र्याजवळ एकटं बसू द्या. घाई करू नका. विम्याचं मी बघतो."

आम्ही तसंच केलं. तो माणूस बराच वेळ आत बसला. जाताना त्याने आमच्याकडे बघितलं नाही. पुन्हा तो कधी आमच्याकडे आला नाही, पण त्याने तक्रारही केली नाही. मी काकांना म्हटलं, "सुटलो." ते म्हणाले, "सुटला नाहीत. नीट वागलात. दोन्ही एक नाही."

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "काका, तुमचा खरंच विश्वास आहे का हो या वास्तू-तथास्तुवर?" आम्ही कार पार्कमध्येच होतो. फिओना आत गेली होती. काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग त्यांनी म्हशीची गोष्ट सांगितली.

"तिकडे असताना मी गुरांच्या विम्याचं काम करायचो, संगमनेरच्या बाजूला. जनावराच्या कानात बिल्ला मारायचा. जनावर मेलं आणि कानात बिल्ला असला तर पैसे. नसला तर नाही. साधा कायदा. एक बाई होती, घर सगळं एका म्हशीच्या दुधावर. म्हैस मेली म्हणून मी बघायला गेलो. कानात नुसतं भोक. तेही फाटून, भरून आलेलं, म्हणजे जुनं. विचारलं, बिल्ला कधी पडला? म्हणाली, संक्रांतीच्या सुमारास, कुंपणाच्या तारेत अडकून. म्हटलं, मग कळवलं का नाहीस? नवा मारून दिला असता की, फुकट! तर म्हणाली, साहेब, बिल्ला पडला असं तोंडाने बोलले असते, तर म्हैस गेली असती."

"मग?"

"मग काय. न बोलताही गेली."

वारा पडला होता. काका फिओनाच्या यूटच्या टायरकडे बघत होते. "मी नामंजूर लिहिलं. दुसरं काही लिहिता येत नव्हतं. पण ती बाई मूर्ख नव्हती, डॉक्टर. म्हैस ओळखणारी, हिशेबी बाई. तिला फक्त बोलायला जागा नव्हती. गोठ्यात ते शब्द काढवेनात, घरात काढवेनात. तेव्हा मला सुचलं नाही, बये, चल, रस्त्यावर ये आणि बोल. पुढे सुचलं. माझा विश्वास आहे का नाही, हे सोड. लोकांचा आहे ना? मग त्यांना उंबऱ्याबाहेर उभं राहायला जागा द्यायची. वाद घालून कुणी बोलतं होत नाही."

मी लोकांना शहाणं करायला जाते. काकांनी तो उद्योग कधी केला नाही. त्यांनी फक्त जागा बदलली. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून मी विम्याबद्दल पुष्कळ शिकले, पण दवाखान्यात रोज वापरते ते हेच. म्हाताऱ्या मांजराला आता कायमचं झोपवावं का, हे विचारायचं असलं की मी माणसांना मागच्या दाराबाहेरच्या बाकावर घेऊन जाते. टेबलापाशी ती गप्प राहतात, तिथे बोलतात.

तर मागच्या शनिवारी काका दवाखान्यात आले. काम दुसऱ्या सल्लागाराकडे सोपवून झालं होतं, काकू मुलीकडे ऑकलंडमधल्या अल्बनीला पोचल्या होत्या, आणि काका गाडी चालवत तिकडेच निघणार होते. येताना त्यांनी चिवड्याचा शेवटचा डबा आणला. आत आले आणि त्यांनी छताकडे बघितलं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते, कारण छत नुकतंच साफ करून घेतलं होतं. ते माझ्या चहाच्या कपाकडे बघत होते.

"कप डाव्या हातात?"

"सहज."

काकांनी आपला कप खाली ठेवला आणि टोपी घातली. "चल बाहेर."

बाहेर दक्षिणेचा बोचरा वारा होता. मी अल्बनीबद्दल बोलले, तिथली घरं नवी आहेत, बसचा खास रस्ता जवळ आहे, तुम्हाला बरं पडेल. त्यांनी सगळं बोलू दिलं. मग म्हणाले, "कधीपासून?"

"मार्च."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"काका, मनगटातली शीर दबली असेल. कॉमन आहे. फार तर छोटं ऑपरेशन—"

"काय असेल ते मी विचारलं नाही. फिओनाला सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली. नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनी विचारते, वर्षभरात काही बदललं का. मी 'नाही' म्हटलं आणि माझ्या हातून टाका निसटला, तर दाव्याच्या वेळी ते बधिर बोट पुढे येणार, आणि दवाखाना माझ्या एकटीचा नाही. 'हो' म्हटलं तर कदाचित शस्त्रक्रिया थांबवावी लागेल. पंचवीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. हे सगळं मला काकांनीच शिकवलं होतं, त्यांना सांगायची गरज नव्हती.

"समजा—" त्यांनी सुरुवात केली, आणि थांबले. पहिल्यांदाच. "जाऊ दे. तुला 'समजा' काय सांगायचं. हात मोडेल म्हणूनच तुझा तो विमा काढला होता ना मी, वहिनींची बोलणी खाऊन? तो आहे. आता फक्त सांगायचं राहिलंय. बिल्ला पडलाय, डॉक्टर. म्हैस अजून उभी आहे."

मग ते आत जाऊन चहा संपवून आले, ऑक्सिजनच्या सिलिंडरची साखळी एक कडी सैल आहे असं म्हणाले, गाडीत बसले, पट्टा लावला, आरसे बघितले, पुन्हा बघितले, आणि गेले. वळणावर कुणीही नसताना त्यांनी इंडिकेटर दिला.

मी तरीही गप्प राहिले. सोमवारी एका कुत्रीचं ऑपरेशन करताना मधेच बोटं बधिर झाली. मी हात थांबवून, ती पुन्हा कळू लागेपर्यंत वाट पाहिली. नर्सला वाटलं मी विचार करतेय. बाहेर आल्यावर फिओनाने विचारलं, "ऑल गुड?" मी इथल्या लोकांसारखं म्हटलं, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम मस्त. घरात संदीपला सांगायला तोंड उघडलं की दुसराच विषय निघे. आणि गुरुवारी, फळ्या आवरताना, सवयीने उजवा हात पुढे केला आणि जंतुनाशकाचा भरलेला कॅन हातातून सुटला. कॅन प्लॅस्टिकचा होता. काच कुठेच नाही. तो फरशीवर आपटला, लवंडला आणि टेबलाखाली जाऊन थांबला. मी तो डाव्या हाताने उचलून खालच्या फळीवर ठेवला. सिलिंडरची साखळी घट्ट केली आणि घरी गेले. संदीप टीव्ही बघत होता. त्याला म्हटलं, "जरा डेकवर येतोस?" त्याने आवाज बंद केला आणि जँडल्स शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिओनाच्या आधी पोचले आणि कार पार्कमध्येच थांबले. पाऊस आडवा येत होता. तिने यूट लावली, खाली उतरली, मला बघितलं आणि कॉफीचा कप टपावर ठेवला.

"समजा टाइम?" तिने विचारलं. "पण काका तर गेले."

"हे समजा नाही," मी म्हणाले, आणि उजवा हात तिच्यापुढे धरला.

तिने तो हातात घेतला, एखाद्या वासराचा पाय तपासावा तशी एकेक बोट दाबत गेली आणि प्रत्येकाला विचारत गेली, इथे कळतंय? इथे? मी खरं ते सांगितलं. मग तिथेच उभी राहून मी माझ्या डॉक्टरकडे फोन करून वेळ घेतली, आणि आम्ही आत गेलो. सकाळचा पहिला पेशंट एक लठ्ठ बोका होता. ऑपरेशन फिओनाने केलं. मी भूल सांभाळली.